संदर्भसूची

रविवारी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी
विद्यापीठाचं दार लागतं.
दार म्हणजे स्क्रीनवरचं निळं बटण,
पण लागतं ते दारासारखंच.

आता दहा वीस.
अठरा खाटांचा दवाखाना,
औषधांच्या ट्रॉलीवर टेकवलेला लॅपटॉप,
बाहेर कॅन्ससचा सपाट अंधार
आणि त्यात लांबवर सरकणारे दिवे.
हार्वेस्टर चालू आहेत. उद्या गारा सांगितल्यात.
रविवारी यंत्राला हात लावायचा नाही,
हा माझ्या सासऱ्यांचा नियम; तोही गारांपुढे वाकला.
गेलन दोन दिवस घरी जेवलेला नाही.

प्रश्न असा आहे :
‘या आठवड्यात तुमच्या सेवेत देव कुठे दिसला?
सहाशे शब्द. एक वचन. तीन संदर्भ,
पैकी दोन गेल्या पाच वर्षांतले.’

माझं वय बावन्न.
वर्गात आम्ही तेवीस जण,
एकीचाही हात मी हातात घेतलेला नाही.
टेनेसीची ओडेसा प्रार्थनेच्या चौकटीत लिहिते,
‘माझ्या मुलाला जामीन मिळू दे,’
आणि खाली अकरा इवलेसे जोडलेले हात उमटतात.
पहिल्यांदा मला हसू आलं होतं.
मग माझ्या बायोप्सीच्या रात्री
मी त्याच चौकटीकडे बघत बसले,
पहाटे चारला बारावे हात उमटेपर्यंत.

मंगळवार. खाट क्रमांक सात.
ऑरव्हल म्हणू त्याला.
ब्याऐंशी वर्षं, फुप्फुसांत पाणी, मुलगा अलास्कात.
अभ्यासक्रमात शिकवलेला फॉर्म घेऊन मी उशाशी बसले :
तुमची श्रद्धा कशावर आहे? बळ कुठून मिळतं?
त्यानं डोळे उघडले. म्हणाला,
‘नदीकाठचं कापून झालं का?’

ते शेत त्यानं सहा वर्षांपूर्वी विकलं.
तिथे आता पवनचक्क्या फिरतात.

‘झालं,’ मी म्हटलं.
‘ओलं नव्हतं ना?’
‘खडखडीत वाळलेलं.’
‘उतारा किती पडला?’
इथे मी अडले. मग आमच्याच शेताचा आकडा सांगितला,
बऱ्या वर्षातला.
तो काही खूश झाला नाही.
‘ठीक,’ म्हणाला. ‘बापाच्या वेळी जास्त यायचं.’

फॉर्मवरचे सगळे रकाने कोरे राहिले.

मग कोमट पाणी आणून मी त्याचे पाय धुतले.
आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा
बायका बायकांचे पाय धुतात;
पांढरे टॉवेल, इस्त्री केलेले,
आणि सगळ्याजणी घरून पाय धुऊन आलेल्या.
हे तसे पाय नव्हते.
टाचांच्या भेगांत माती होती,
सहा वर्षांपूर्वी विकलेली.

तीन दहाला मी वेळ नोंदवली.

आता लिहिते :
‘मी मरणाऱ्या माणसाशी तीनदा खोटं बोलले.
देव दिसला नाही.
असलाच तर खोलीत होता, ऐकत होता,
आणि त्यानं मला टोकलं नाही.’
शब्दसंख्या : वीस.

वचन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचं आठवलं.
दोन संदर्भ सापडले, तारखेत बसणारे.
तिसऱ्या जागी त्याचं नाव टाइप केलं, खरं,
आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग वर्ष,
अगदी नियमाप्रमाणे.
मग एकेक अक्षर मागे घेत पुसलं.
रुग्णाची ओळख उघड करायची नाही,
हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

अकरा एकोणपन्नास.
सात नंबरमध्ये आता एक नवी बाई आहे,
तिनं बेल दाबली.
दार लागलं तर लागो, मी उठते.
जाता जाता खिडकीतून पाहिलं :
दिवे अजून सरकतायत.
आमचं कापून व्हायचंय.